परदेशातल्या पार्करनला गटाने जायचे तर: गोव्याहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कमध्ये शनिवारी सकाळी साडेसातला पार्करन, म्हणजे सगळ्यांसाठी खुली असलेली ५ किलोमीटरची मोफत दौड, सुरू होते, तेव्हा गोव्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात. मिरामारला आमचा गट याच वेळेला जमतो. त्यामुळे पहिल्यांदा तिथे जायचे ठरले तेव्हा आम्हाला झोप मोडण्याची चिंता नव्हती. चिंता बाकी सगळ्याची होती: व्हिसा, तिकिटे, गुडघे, आणि चौदा माणसांना एका वेळी एका जागी उभे करणे.

आता दोनदा जाऊन आल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. असा प्रवास आखायचा तो गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला समोर ठेवून. आमच्या गटात डिचोलीच्या एक काकी आहेत. वय ६३, धावत नाहीत, झपझप चालतात. हॉटेल किती लांब असावे, शुक्रवारी किती फिरावे, शनिवारी किती वाजता निघावे, हे प्रश्न आम्ही काकींना काय झेपेल यावरून सोडवले. त्यामुळे कोणाचीच ओढाताण झाली नाही. वेगवान मुलांना समोर ठेवून आखले असते तर निम्मा गट शुक्रवारीच थकून गेला असता.

पार्करन म्हणजे नक्की काय

दर शनिवारी, ५ किलोमीटर, फुकट. धावा, चाला, मधे थांबा, पुन्हा चाला. वेळेची मर्यादा नाही. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो, त्याला टेल वॉकर म्हणतात. त्याचे काम एकच, सर्वांत शेवटी येणे. म्हणजे तुम्ही कितीही हळू असलात तरी शेवटचा नंबर तुमचा येत नाही. आमच्या काकींना हे समजावून सांगितले त्या दिवशी त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला.

याची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये झाली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाचे एक धावपटू दुखापतीमुळे धावू शकत नव्हते, पण धावणारी मित्रमंडळी त्यांना सोडायची नव्हती. म्हणून त्यांनी मित्रांना बागेत धावायला बोलावले आणि स्वतः वेळ टिपत उभे राहिले. पहिल्या दिवशी धावणारे १३ जण होते. पोचलेल्याला क्रमांक देण्यासाठी नळदुरुस्तीच्या दुकानात मिळतात तसल्या लोखंडी वॉशरवर आकडे ठोकले होते. आज अनेक देशांत हा उपक्रम चालतो, पण मूळ रचना तीच आहे: काही जण धावतात आणि काही जण त्यांच्यासाठी उभे राहतात. सिंगापूरमध्ये पहिले पार्करन २०१४ साली ईस्ट कोस्ट पार्कलाच झाले. भारतात अजून पार्करन नाही, म्हणून आपल्याला समुद्र ओलांडावा लागतो.

मॅरेथॉनची सवय असलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. इथे पदक नाही, टीशर्ट नाही, बक्षीस नाही. २०२४ साली तर पार्करनने संकेतस्थळावरून मार्गांचे विक्रमही काढून टाकले, नवख्यांना ते पाहून दडपण येऊ नये म्हणून. आमच्यातल्या एका मुलाला ते मुळीच पटले नव्हते. तिथे जाऊन आल्यावर तो त्याबद्दल काही बोलला नाही, मात्र पुढच्या फेरीत त्याने धावण्याऐवजी स्वयंसेवक म्हणून नाव दिले.

आधी माणसे ठरवा

दहा ते चौदा जण पुरे. याच्या वर गेलात की टॅक्सी, जेवण, खोल्या, सगळेच अवघड होते, आणि तिथल्या छोट्या कार्यक्रमावर तुमचा भार पडतो.

पैशांचा हिशेब एकाच माणसाकडे द्या आणि वर्गणी आधी घ्या. खोलीत कोण कोणाबरोबर राहणार हे निघण्यापूर्वी ठरवा. घोरणाऱ्यांची खोली वेगळी ठेवा. हे मी गंभीरपणे सांगतोय, कारण शुक्रवारची रात्र जागून काढलेला माणूस शनिवारी दमट हवेत धावला तर त्याला त्रास होतो. प्रत्येकाची एक जोडी लावा. जोडीदाराची तब्येत, औषधे, घरचा फोन नंबर, पासपोर्टची प्रत हे जोडीदाराला ठाऊक हवे.

प्रमुख दोन नेमा. एक पुढे राहील, एक मागे. मागच्या माणसाची निवड जास्त विचार करून करा. त्याला घाई नसावी, आणि दुसऱ्याला घाई लावायची सवय तर अजिबात नसावी.

पासपोर्ट आणि व्हिसा

पहिल्याच बैठकीला सगळ्यांना पासपोर्ट घेऊन बोलवा आणि प्रत्येकाची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक राहील असे पाहा. पहिल्या फेरीत आम्ही फक्त ‘पासपोर्ट आहे ना?’ एवढेच विचारले होते. फोंड्याच्या एका दादांच्या पासपोर्टला साडेचार महिने उरले होते, आणि ते कळले निघायच्या आठवडाभर आधी. ते येऊ शकले नाहीत. त्यांचे तिकीट वाया गेले याचे दुःख आहेच, पण तीन महिने रोज पहाटे सराव केलेला माणूस मागे राहिला हे मला अजून लागते.

साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. तत्काळला आणखी २,००० भरावे लागतात. पणजीला पासपोर्ट कार्यालय आहे, पण पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील याचा नेम नसतो. तीन महिने हाताशी ठेवून अर्ज करा.

आता खास आपल्या गोव्याची अडचण. आपल्याकडे एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे चालतात. जुन्या पोर्तुगीज नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, आधारवर तिसरे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. तिकीट, व्हिसा, विमा, तिन्हींवर पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर तसेच हवे. कोणी फोनवरून नाव सांगितले तर ते लिहून घेऊ नका. पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरून भरा.

दुसरी अडचणही आपलीच. गटात एखाद्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असतो. त्याचे नियम उरलेल्या गटासारखे नसतात. सिंगापूरला त्याला व्हिसा लागत नाही. ब्रिटनला जायचे तर व्हिसाऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. आणि भारतात परत येताना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) जवळ हवेच. ते कपाटात राहिले तर परतीच्या विमानतळावर अडकायला होते. अशा सदस्याची वेगळी यादी करा.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढला जातो. व्हिसाचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वेगळे. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचे असते. ते पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारे एखादे संकेतस्थळ समोर आले तर ते बंद करा आणि सिंगापूर सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर जा. आमच्याकडे एक ताई लॅपटॉप घेऊन बसल्या आणि एका संध्याकाळी सगळ्यांची कार्डे भरून मोकळ्या झाल्या. घरोघरी एकेकटे भरत बसण्यापेक्षा हे बरे.

पहिल्या वेळेला मी सिंगापूरच सुचवतो. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे, हवा आपल्यासारखीच दमट, जेवणाचे हाल नाहीत. बुशी पार्कला जाण्याची इच्छा प्रत्येकाला असते, मलाही आहे. पण ब्रिटनच्या व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला जावे लागते, निकालाला साधारण तीन आठवडे धरावे लागतात, आणि थंडीत धावण्याची आपल्याला सवय नाही. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेला.

नोंदणी आणि बारकोड

पार्करनच्या संकेतस्थळावर प्रत्येकाने एकदाच नोंदणी करायची. ती जन्मभर चालते आणि जगातल्या कुठल्याही पार्करनला तीच. नोंदणी केली की ए या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक आणि बारकोड मिळतो. सोळा वर्षांखालच्या मुलांची नोंदणी आईवडिलांनी करायची.

हा बारकोड जवळ नसेल तर तुम्ही धावू शकता, पण तुमची वेळ नोंदली जात नाही. त्याबद्दल कोणाशी वाद घालून उपयोग नाही, नियम सगळ्यांना सारखाच आहे. फोनमधला बारकोड चालतो. पण घामेजलेल्या बोटांनी फोन उघडत नाही, पडद्यावर पाणी असले की स्कॅनर वाचत नाही, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी जाते. म्हणून कागदावर छापून लॅमिनेट करा. म्हापशाच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आमचे चौदाही बारकोड अर्ध्या तासात झाले. प्रत्येकाचे दोन करा, एक त्याच्याकडे आणि एक मागच्या प्रमुखाकडे. कार्डाच्या मागच्या बाजूला घरचा फोन नंबर आणि एखादी ॲलर्जी असेल तर ती लिहा.

तिथल्या लोकांना आधी कळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पार्करन चालवणारे सगळे स्वयंसेवक असतात. नोकरी-धंदा सांभाळून ते शनिवारी पहाटे बागेत येतात. चौदा जण अचानक उगवले तर टोकन (पोचलेल्याला हातात देतात ती क्रमांकाची चकती) कमी पडू शकतात, रांग लांबते. आपल्या गावच्या जत्रेला बाहेरून बस भरून माणसे येणार असतील तर देवस्थानच्या मंडळींना आधी निरोप गेलेला बरा वाटतो, तसेच हे.

प्रत्येक पार्करनचे संकेतस्थळावर स्वतःचे पान असते आणि त्यावर ईमेलचा पत्ता असतो. महिनाभर आधी दोन ओळींचे पत्र पाठवा: आम्ही गोव्याहून अमुक तारखेला इतके जण येत आहोत, त्यात इतके चालणारे आहेत, आणि आमच्यातले दोन-तीन जण स्वयंसेवक म्हणून उभे राहायला तयार आहेत. शेवटचे वाक्य केवळ सौजन्यापुरते लिहू नका. खरेच उभे राहा. आमच्या दुसऱ्या फेरीत तिघे धावले नाहीत. एकाने वळणावर उभे राहून दिशा दाखवली, एकीने बारकोड स्कॅन केले, एक जण टेल वॉकर झाला. तिघेही सांगतात की त्यांना धावणाऱ्यांपेक्षा जास्त माणसे भेटली. स्वयंसेवकाच्या कामाचीही नोंद होते.

गोव्यातला सराव

जो माणूस आज फक्त चालतो त्याला ५ किलोमीटर आरामात पूर्ण करायला आठ आठवडे पुरतात. आठवड्यात तीन दिवस. पहिले दोन आठवडे नुसते अर्धा तास चालणे. पुढे पाच मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे, आणि हळूहळू धावण्याचे मिनिट वाढवत नेणे. बोलता येईल इतकाच वेग. दम लागून शब्द तुटायला लागले की चालायचे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा.

मिरामार ते दोनापावलचा रस्ता, कांपालची बाग, साखळीला वाळवंटी नदीच्या काठाने, फोंड्यात फर्मागुडीकडे, जिथे सोयीचे असेल तिथे करा. फर्मागुडीचा चढ पायांना चांगला असतो, पण नवख्यांना तो शेवटच्या दोन आठवड्यांतच द्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून धावू नका. आमच्यातल्या एकाचा घोटा असाच मुरगळला होता.

एक गोष्ट जरूर करा: घरच्या मैदानावर पार्करनची रंगीत तालीम. जाड पुठ्ठ्याचे क्रमांक कापा, एकाला वेळ टिपायला बसवा, एकाला टोकन वाटायला, एकाला स्कॅन करायला. बाकीच्यांनी धावून यावे, रांगेतून जावे, टोकन घ्यावे, बारकोड दाखवावा, टोकन परत द्यावे. आमच्या तालमीत चौदांपैकी पाच जण रेषा ओलांडून सरळ पाण्याच्या बाटलीकडे गेले. तिथे तसे केले असते तर त्यांच्या मागे आलेल्या सगळ्यांचे क्रमांक चुकले असते. ही खोड मोडायला एकच तालीम पुरली.

तिकीट आणि सामान

गोव्यात दोन विमानतळ आहेत हे आपल्याला माहीत असते, तरीही गडबड होते. दाबोळीचे सांकेतिक नाव जीओआय, मोपाचे जीओएक्स. तिकिटावरची ही तीन अक्षरे गटाच्या निरोपात मोठ्या अक्षरांत लिहा. काणकोणचा माणूस चुकून मोपाला गेला, किंवा पेडण्याचा दाबोळीला, तर पुढचे विमान त्याच्यासाठी थांबत नाही.

मुंबईत विमान बदलायचे असेल तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे घेतली तर मुंबईत सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. शिवाय कधी कधी देशांतर्गत विमान एका टर्मिनलला उतरते, परदेशी विमान दुसऱ्यावरून सुटते, आणि मधला रस्ता गाडीने पार करायचा असतो. ज्येष्ठ बरोबर असतील तर मधे चार तास तरी ठेवा.

गुरुवारी पोचा. शुक्रवारी पोचून शनिवारी धावण्याचा बेत कागदावर स्वस्त दिसतो, पण विमान उशिरा आले की ज्यासाठी निघालो तेच हातचे जाते.

बूट, धावण्याचे कपडे, बारकोड आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. बाकीचे सामान मागे राहिले तरी शनिवार वाचतो. हातातल्या पिशवीत पाण्यासारखे किंवा जेलसारखे काही १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही.

खाण्याच्या पदार्थांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपण गोंयकार रिकाम्या हाताने निघत नाही. सिंगापूरमध्ये खसखस नेता येत नाही. ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या चवथीच्या नेवऱ्यांत खसखस असते, शाकुतीच्या मसाल्यात असते, काही लाडवांत असते. प्रेमाने केलेला डबा घरीच ठेवावा लागेल. मांसाचे पदार्थही नेऊ नका, चवरीस तर नकोच. च्युइंग गम आणि ई-सिगारेटवर बंदी आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, झोपेच्या काही गोळ्याही तिथे नियंत्रित आहेत. अशी औषधे घेत असाल तर तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची परवानगी आधी मिळवा. बाकीची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. भाजलेले काजूगर न्यायला हरकत नाही. स्वयंसेवकांना द्यायला यापेक्षा चांगली भेट गोव्यातून दुसरी नाही.

प्रवास विमा घेताना धावताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे कागदावर वाचून घ्या. एजंट तोंडी ‘सगळे कव्हर आहे’ म्हणाला तरी वाचा.

शुक्रवार

शुक्रवारी एकच मोठे काम: सुरुवातीची जागा बघून येणे. नकाशावर बाग सापडणे वेगळे आणि सकाळी सातला नेमक्या झाडाखाली उभे असणे वेगळे. ईस्ट कोस्ट पार्क किनाऱ्याने कित्येक किलोमीटर पसरलेले आहे. नुसते ‘ईस्ट कोस्ट पार्क’ म्हणून टॅक्सी केली तर भलत्याच टोकाला उतराल. कार्यक्रमाच्या पानावर सुरुवातीचे ठिकाण दिलेले असते, ते टॅक्सीवाल्याला दाखवा. मेट्रोत आणि बसमध्ये कार्ड टेकवून जाता येते. पण मेट्रोत खाणे-पिणे मना आहे, पाण्याचा घोटही नाही, हे दमलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

दिवसभर चालून पाय दुखवू नका. दुपारी आडवे व्हा. रात्री नवे पदार्थ चाखायचा मोह टाळा. लिटल इंडियात साधा भात, डाळ, भाजी मिळते. नळाचे पाणी पिण्यालायक आहे, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. झोपण्यापूर्वी कार्यक्रमाचे पान पुन्हा उघडा. कधी बागेत दुसरे काही काम निघते, कधी हवामानामुळे रद्द होते, आणि ते तिथेच आधी कळते. सिंगापूरला विजांचे वादळ फार होते. वीज कडाडली तर आयोजक जे सांगतील ते ऐकायचे.

शनिवार

साडेसहाला हॉटेलमधून निघा. तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, वर्षभर जवळजवळ त्याच वेळी. एक केळे, अर्धी पोळी आणि पाणी, एवढे तासभर आधी खाल्लेले असले की पुरते.

नवख्यांसाठी सुरुवातीपूर्वी वेगळी सूचनाबैठक होते. तिला सगळ्यांनी जायचे, तुम्ही कितीही मॅरेथॉन केलेल्या असोत. वळणे, सायकलवाले, मार्गाची डावी-उजवी बाजू सगळे तिथेच सांगतात. इंग्रजी पटकन समजत नसेल अशा सदस्याजवळ जोडीदाराने उभे राहून हळू आवाजात मराठीत सांगावे. मुख्य सूचना चालू असताना मात्र गप्प राहायचे. पाहुण्यांचे स्वागत करतात तेव्हा कुठून आलात ते विचारतात. हात वर करा, ‘गोवा’ म्हणा. आम्ही म्हटले तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि काकींचे डोळे भरून आले.

पुढच्या ओळीत उभे राहू नका, तिथे वेगवान धावणारे असतात. चालणाऱ्यांनी मागे. चौघे-पाच जण आडवी फळी करून चालू नका, दोघा-दोघांनी कडेने चाला. पहिल्या फेरीत आम्ही गटाचा फलक धरून रस्त्याच्या मधोमध फोटोला उभे राहिलो. लोकांना आम्हाला वळसा घालून जावे लागले, आणि एक म्हातारे गृहस्थ पाय अडखळून पडता पडता वाचले. फोटो सगळे संपल्यावर, गवतावर.

अकरा वर्षांखालचे मूल बरोबर असेल तर ते सतत हाताच्या अंतरात हवे. ते पुढे पळाले तर तुम्हीही पळा.

दमट हवेची आपल्याला सवय आहे म्हणून गाफील राहू नका. प्रवासात पाणी कमी प्यायले जाते आणि पायात गोळे येतात. पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्या. चक्कर, छातीत जड वाटणे, घाम एकाएकी थांबणे, यातले काहीही झाले तर तिथेच थांबून जवळच्या स्वयंसेवकाला सांगा.

वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला धन्यवाद म्हणा. आमच्यातले काही जण ‘देव बरें करूं’ म्हणत गेले. शब्द त्यांना कळले नसतील, पण सगळ्यांनी हसून हात हलवला.

रेषा ओलांडल्यावर दोरीच्या रांगेत शिरा. तिथे कोणाला ओलांडायचे नाही, थांबायचे नाही, बाहेर पडायचे नाही. टोकन हातात येईल. ते आणि तुमचा बारकोड घेऊन स्कॅन करणाऱ्याकडे जा, आधी बारकोड दाखवा, मग टोकन. टोकन तिथेच परत द्या. आठवण म्हणून खिशात घालून आणलेत तर पुढच्या शनिवारी त्यांच्या संचात तो क्रमांक नसतो आणि कोणाला तरी शोधत बसावे लागते.

आणि मग थांबा. आपले शेवटचे माणूस येईपर्यंत रेषेजवळ उभे राहा. पहिल्या फेरीत काकी टेल वॉकरबरोबर गप्पा मारत आल्या. त्याला मराठी येत नव्हते, काकींना इंग्रजी बेताचे, तरी दोघे बोलत होते. तोवर तिथली बरीच मंडळीही थांबली होती.

संपल्यावर आयोजक जवळच्या कॉफीच्या दुकानात जमतात. जा. काजूगर तिथे काढा. खांब, झेंडे, टोकनची पेटी आवरायला हात लावा.

नंतर

निकाल त्याच दिवशी ईमेलवर येतो. आपले नाव नसेल आणि ‘अनोळखी’ असे दिसत असेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर नम्रपणे लिहा. बारकोड नेलेला असेल तर बहुधा दुरुस्ती होते. रविवार मोकळा ठेवा, सोमवारी निघा.

परतल्यावर आभाराचे पत्र पाठवा, फोटो जोडा. त्यात त्यांच्या स्वयंसेवकांचे फोटो असतील तर जास्त चांगले, कारण धावणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. आणि पुढच्या रविवारी मिरामारला जमाल तेव्हा जे येऊ शकले नव्हते त्यांच्या पासपोर्टच्या तारखा आधी वहीत लिहून घ्या. फोंड्याच्या दादांचा नवा पासपोर्ट आला आहे. आमच्या वहीत पहिले नाव त्यांचे आहे.